थंडीची लाट ओसरताना पिके सांभाळा

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात नाशिक, धुळे, जळगाव व अहिल्यानगर जिल्ह्यांत कडाक्याची थंडी पडते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. निफाड परिसरात पारा 5 अंशांखाली आला की द्राक्ष बागायतदार रात्र बागेतच काढतात. चार-पाच दिवसांनी थंडी उतरते, दिवस उबदार होतात आणि सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु मणी तडकणे, भुरी बळावणे, गव्हावर मावा वाढणे हे प्रकार बहुधा याच उतरत्या थंडीत घडतात. म्हणून लाट येते कशी आणि जाते कशी, हे समजून घेऊन कामाचे दिवस ठरवावेत.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे सरकतात. त्यांच्या पाठोपाठ उत्तरेकडील कोरडी, गार हवा खाली उतरते व खानदेशमार्गे नाशिकपर्यंत पोहोचते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि संध्याकाळी वारा पडलेला असेल, तर दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता रात्रीतून झपाट्याने सोडून देते. पुढे वारा फिरून पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येऊ लागला की बंगालच्या उपसागरावरील बाष्प त्याबरोबर येते. विरळ ढग दिसतात, पहाटे दव वाढते. ढगांची गोधडी पडल्यामुळे रात्रीचे तापमान दोन-तीन दिवसांत बरेच वर जाते. ही लाट ओसरल्याची खूण होय.

सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी खाली असेल, तर हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. पारा 4 अंश किंवा त्याखाली आल्यास सरासरी न पाहताही लाट समजतात. नाशिकला 7 जानेवारी 1945 रोजी 0.6 अंश तापमान नोंदले गेले होते. अलीकडे फेब्रुवारी 2008 मध्ये आणि डिसेंबर 2018 च्या अखेरीस आलेल्या लाटा या भागातील बागायतदारांच्या चांगल्या स्मरणात आहेत.

मात्र केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे 4 फूट उंचीवर, पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र रात्री जमिनीलगतचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असते. गार हवा जड असल्याने ती पाण्यासारखी उतारावरून वाहते व नाल्याकाठच्या, खोलगट शेतात साचते. म्हणून आपल्या शेतातील सर्वांत सखल जागी एक साधा तापमापक टांगावा आणि पहाटे त्याची नोंद वहीत ठेवावी. शेकोटीपाशी बसून थंडी मोजणारे गावात पुष्कळ असतात. त्यांच्या अंदाजावर पाणी देऊ नये.

ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा जानेवारीत वेगवेगळ्या अवस्थेत असतात. तापमान 10 अंशांखाली गेले की मुळी चालत नाही, वेल पाणी कमी ओढते व मण्यांची फुगवण थांबते. फुगवण थांबलेली पाहून बागायतदार पाणी वाढवतो, आणि खरी चूक इथे होते. ते पाणी बोदात साठून राहते. ऊब येताच मुळी एकदम कामाला लागते, साठलेले पाणी मण्यात शिरते आणि पातळ झालेली साल ते सहन करू शकत नाही. पाणी उतरलेल्या मण्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो. तेव्हा लाटेत ठिबकने रोज थोडे, रात्रीच्या वेळी पाणी द्यावे. ओलसर जमीन कोरड्या जमिनीपेक्षा दिवसाची उष्णता अधिक धरून ठेवते आणि विहिरीचे पाणीही रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते. ऊब आल्यावर पाणी एकाच दिवशी न वाढवता तीन-चार दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावे. बोदावर पाचटाचे आच्छादन असल्यास हा चढउतार बराच सौम्य होतो.

दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठ्या फरकामुळे हिरव्या जातींत गुलाबी मणी येतात व निर्यातीचा माल स्थानिक बाजारात विकावा लागतो. त्यासाठी पाणी उतरण्याच्या सुमारासच घड कागदाने झाकावेत. रंग दिसू लागल्यावर झाकून उपयोग नाही. शेकोट्यांबद्दल एक गैरसमज आहे. धुराने थंडी अडत नाही, उपयोग होतो तो उष्णतेचा. त्यामुळे एका कोपऱ्यात ओला कचरा धुमसत ठेवण्यापेक्षा बागेत ठिकठिकाणी लहान जाळ, तेही पहाटेच्या वेळी, अधिक उपयुक्त ठरतात.

ढगाळ व उबदार हवा भुरीला मानवते. ऊब सुरू होताच घडांच्या आतील भागाची पाहणी करावी. फवारणी करताना काढणीपूर्व प्रतीक्षा काळ मोजूनच औषध निवडावे. काढणी तोंडावर असताना घाईने केलेली एक फवारणी उर्वरित अंशामुळे सबंध माल नाकारला जाण्यास पुरेशी होते.

रावेर, यावल भागातील केळीची वाढ थंडीत मंदावते, पाने पिवळी पडतात व निसवणारा घड बुंध्यात अडकतो. बागेभोवती शेवरीचा दाट पट्टा असावा, रात्री पाणी द्यावे आणि निसवलेले घड पिशवीने झाकावेत.

गव्हाला थंडी लाभते, फुटवे चांगले येतात. उशिरा पेरलेल्या गव्हास मात्र दाणे भरताना अकाली ऊब मिळाली तर दाणा बारीक राहतो, म्हणून त्या वेळची पाण्याची पाळी चुकवू नये. हरभऱ्यात दिवस-रात्रीचे सरासरी तापमान 15 अंशांखाली राहिल्यास फुले गळतात. अशी फुलगळ पाहून संजीवकांवर खर्च करू नये, ऊब आल्यावर नवी फुले घाटे धरतात. मात्र त्याच वेळी घाटेअळीचे पतंगही वाढतात. कामगंध सापळ्यात सलग 3 दिवस 8 ते 10 पतंग आढळल्यास उपाय सुरू करावेत.