सिडनहॅम महाविद्यालय आणि हिशेबाची विद्या

दहावीचा निकाल लागला की आमच्या निवासी शाळेतील विद्यार्थी ‘विज्ञानाला जावे की कलेला?’ एवढाच प्रश्न विचारतात. वाणिज्य शाखेचे नाव क्वचितच निघते. व्यापार हा व्यापाऱ्यांच्या घरचा विषय, तो आपला नव्हे, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या मनात रुजलेली आहे. ती कशातून आली आणि तिला छेद कोणी दिला, हे या लेखात पाहू.

पूर्वी व्यापाराचे शिक्षण पेढीवरच मिळे. मुलगा बापाच्या गादीशेजारी बसून वहीखाते शिके. ज्याच्या घरी पेढी नाही, त्याला त्या विद्येचे दार बंदच असे. आपल्याकडे या बंद दाराला जातीची कडीही होती. ही विद्या वर्गात, अभ्यासक्रम ठरवून शिकविण्याचा एक आद्य प्रयत्न पॅरिस येथे १८१९ साली झाला. त्या शाळेच्या उभारणीत जाँ-बाप्तिस्त से या अर्थशास्त्रज्ञाचा सहभाग होता. १८६९ मध्ये ती पॅरिसच्या व्यापारी मंडळाकडे आली. आज ‘ईएससीपी’ या नावाने ती ओळखली जाते. पॅरिसखेरीज लंडन, बर्लिन, माद्रिद येथेही तिची केंद्रे असून पदवीपासून एमबीएपर्यंतचे अभ्यासक्रम तेथे चालतात.

मुंबईत असे उच्च शिक्षण १९१३ साली सुरू झाले. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव दिलेले ‘सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स’ हे आशिया खंडातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. लेखाकर्म, बँकव्यवहार, व्यापारी कायदा आणि अर्थशास्त्र हे विषय त्यामुळे विद्यापीठीय पदवीच्या कक्षेत आले.

याच महाविद्यालयात नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यापूर्वीचा त्यांचा एक अनुभव आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागाराची जात कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. आकडा जात विचारीत नाही, बाजार मात्र विचारतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

महाविद्यालयातही तोच प्रकार घडला. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. प्रारंभी विद्यार्थ्यांनीही त्यांना फारसे मोजले नाही. परंतु त्यांच्या व्याख्यानांची कीर्ती अशी पसरली की इतर महाविद्यालयांतील विद्यार्थी ती ऐकण्यास येऊ लागले. त्या नोकरीत असतानाच ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पगारातून काटकसरीने साठविलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील उसनवारी यांवर ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय उघडले. जेथे पाण्यासाठी अडविले गेले, तीच विद्या त्यांनी आपल्या संस्थेतून सर्वांसाठी खुली केली.

आता हा धडा गेवराईत आणू. आपल्या तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून १,००,००० रुपये उचल घेतली. तोडीचा दर टनास ३५० रुपये, दिवसाला २ टन आणि हंगाम १२० दिवसांचा धरला, तर मजुरी ८४,००० रुपये होते आणि १६,००० रुपये अंगावर राहतात. आजारपणात १० दिवस खाडे झाले, तर मजुरी ७७,००० वर येते. प्रत्येक खाड्यास ५०० रुपये दंड लावला, तर बाकी २८,००० होते. ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळविली जाते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, परंतु रीत हीच आहे. वही मुकादमाकडे असते. आई-बापांच्या नावे त्यात काय लिहिले आहे, हे वाचणारे घरात कोणी नसेल, तर बाकी कधीच फिटत नाही. म्हणून नावे-जमा शिकणे हा आपल्या मुलामुलींसाठी केवळ परीक्षेचा विषय नाही.

धम्मातही धनार्जनाला कमी लेखलेले नाही. तथागतांनी दीघजाणु या गृहस्थाला चार गोष्टी सांगितल्या: उद्योगाने मिळविणे, मिळविलेले जपणे, कल्याणमित्रांची संगत धरणे आणि आवक पाहून खर्च करणे. मात्र शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असेही त्यांनी सांगितले. सम्यक आजीविका ती हीच. हिशेब शिकलेला उद्याचा विद्यार्थी स्वतः मुकादम होऊन दुसऱ्याची वही अडवू लागला, तर त्याचे शिक्षण वाया गेले असे आम्ही समजू.

मार्ग स्पष्ट आहे. अकरावी-बारावी वाणिज्य, त्यानंतर बी.कॉम., पुढे सनदी लेखापालाची परीक्षा किंवा प्रवेश परीक्षा देऊन एमबीए. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सोय आहे. परदेशातील नामांकित संस्थेत प्रवेश मिळाल्यास अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी आणि मुदती वेळीच पाहाव्यात.

प्रत्येक विद्यार्थ्याने या सुट्टीत घरी जाऊन एक काम करावे, अशी आमची सूचना आहे. गेल्या हंगामाची उचल, टन, खाडे आणि बाकी आई-वडिलांना विचारून एका वहीत लिहून आणावी. शाळा उघडल्यावर वाणिज्याचा पहिला पाठ त्याच वहीवरून घेऊ.