कॅल्क्युलस संपले, गणित नाही



बारावी सायन्सच्या ‘ए’ ग्रुपची मुले मार्चनंतर भेटतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते : “सर, कॅल्क्युलस झाले, आता गणित संपले.” गेल्या वर्षी एका पालकांनी विचारले, “पुढे गणितच घेतले तर मुलगी मास्तरीणच होणार ना?” मास्तर होण्यात वाईट काय, हा प्रश्न मी गिळला. पण खरे सांगायचे तर बारावीपर्यंत आपण गणिताच्या ओट्यावर बसलेलो असतो, घर आत असते.

एक उदाहरण पाहा.
१ – १/२ + १/३ – १/४ + … ही बेरीज पुढे पुढे करत गेलो तर ०.६९३ च्या जवळ जाते. आता तीच पदे, फक्त क्रम बदलून :
१ – १/२ – १/४ + १/३ – १/६ – १/८ + …
(१ – १/२) म्हणजे १/२, (१/३ – १/६) म्हणजे १/६. म्हणजे उरते १/२ – १/४ + १/६ – १/८ + … ही तर पहिल्या बेरजेची निम्मी! एकही पद टाकले नाही, एकही वाढवले नाही, तरी उत्तर बदलले. असे का होते, केव्हा होत नाही, हे रिअल अॅनालिसिस शिकवते. तिथे सूत्रे थोडी आणि सिद्धता फार. नव्वद मार्कांची मुलेही पहिल्या सत्रात गडबडतात, घाबरू नये.

तरीही माझे मत विचाराल तर आधी लिनिअर अल्जेब्रा घ्यावा. पांडेसरातल्या लूमवर दोन प्रकारचे कापड निघते समजा. पहिल्याच्या एका ताग्याला २ किलो उभा धागा व ३ किलो आडवा, दुसऱ्याच्या ताग्याला ४ व ६. १०० किलो उभा आणि १५० किलो आडवा धागा संपला, तर कोणते किती तागे निघाले? उत्तरे अनेक. आडवा १६० किलो संपला म्हटले तर एकही उत्तर नाही, हिशेबातच चूक आहे. निश्चयक शून्य आला की बारावीत आपण थांबतो. हा विषय तिथून सुरू होतो. कॉम्प्युटर, संख्याशास्त्र, इंजिनिअरिंग, सगळीकडे तो लागतो. डिफरन्शियल इक्वेशन्स इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना आपोआप मिळतातच.

आता पालकांसाठी. सुरतेतच एसव्हीएनआयटीत गणिताचा पाच वर्षांचा एकत्रित एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, प्रवेश जेईई मेनवर. घरी राहून शिकायचे तर वीर नर्मद विद्यापीठाच्या कॉलेजांतून बी.एस्सी. आहे. पुण्याची आयसर २००६ पासून आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आपली वेगळी परीक्षा घेते. या अर्जांच्या तारखा बोर्डाच्या परीक्षेच्या आसपासच येतात. निकालानंतर जागे होणाऱ्यांची गाडी उधन्यालाच सुटलेली असते. आपल्या वस्तीत हुशारी कमी नाही; तारीख हुकते.

साध्या बी.एस्सी.ला गेलात तरी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. १९९३ पासून चालत आलेले एमटीटीएस हे उन्हाळी शिबिरही बी.एस्सी.च्या मुलांसाठी आहे.

सुट्टीत एवढे करा : वरच्या बेरजेतली पदे अशी मांडा की बेरीज १ च्या जवळ जाईल. कागद घेऊन शाळेत या, मी सकाळी असतो.