मृगाचा तेजोमेघ आपल्या फोटोत फिका का येतो?



डिसेंबर-जानेवारीत आपल्या वऱ्हाडातले आभाळ बहुधा निरभ्र असते. रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र चांगले वर आलेले दिसते. त्याच्या मधल्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक पुसट ठिपका आहे. तोच मृगातला तेजोमेघ. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढून मुलांना दाखवा. प्रश्न ठरलेलाच येतो, “सर, पुस्तकात त हा लालभडक हाये, आपल्या फोटोत फिक्का काऊन?”

प्रश्न अगदी योग्य आहे. या मेघात हायड्रोजन वायू आहे. जवळच्या तप्त ताऱ्यांमुळे तो प्रकाशमान होतो आणि ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश देतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला हा प्रकाश दिसतो, पण सेन्सरसमोर एक पातळ काच बसवलेली असते. ती अवरक्त किरण अडवते आणि त्यांच्यासोबत हा गडद लाल प्रकाशही बराचसा अडवते.

मग ती काच बसवतातच कशाला? कारण सेन्सरला आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही दिसतात. ते अडवले नाहीत तर माणसांचे, झाडांचे रंग बिघडतात.

वर्गात करून पाहा : टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचा पुढचा दिवा मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. बऱ्याच मोबाईलमध्ये तो जांभळट चमकतो. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. आता मागच्या कॅमेऱ्याने बघा. तिथे बहुधा तो फिका दिसतो किंवा दिसतच नाही, कारण तिथली काच जास्त कडक असते.

आकाशछायाचित्रकार हीच काच बदलून घेतात. तिच्या जागी ६५६ चा प्रकाश आत सोडणारी, पण अवरक्त अडवणारी काच बसवतात. कॅननचा ६०डीए (२०१२) आणि निकॉनचा डी८१०ए (२०१५) हे कॅमेरे तर कंपन्यांनीच खास आकाशासाठी काढले होते.

आता मुख्य मुद्दा. शाळेचा किंवा घरचा कॅमेरा उघडायचा का? माझे उत्तर : नाही.

१) फ्लॅशच्या कॅपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट राहू शकतात. मुलांसमोर हा प्रयोग मुळीच नको.
२) नव्या काचेची जाडी जुळली नाही तर फोकस चुकतो.
३) नंतर स्नेहसंमेलनाचे फोटो लालसर येतात.
४) देवयानी दीर्घिका किंवा कृत्तिका यांच्या फोटोत फारसा फरक पडत नाही, कारण त्यांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा असतो.

जुना कॅमेरा पडून असेल, तर तो जाणकाराकडूनच बदलून घ्या.

तोवर आहे तोच कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. ५० मिमी लेन्स, पाच-सहा सेकंदांचे पन्नास-शंभर फोटो, आणि ते डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरने एकत्र करा. अमरावती-अकोल्याच्या दिव्यांपासून दूर, चिखलदऱ्याला मुक्काम असेल तर उत्तमच. फक्त रात्री जंगलाकडे जाऊ नका.

फोटोत गुलाबी छटा नक्की उमटेल. उरलेला लाल रंग कुठे अडला, हे मुलांना आता तुम्ही विचारा. रिमोटचा प्रयोग केलेले मूल बरोबर सांगेल.