विंचू आणि आपलें घर



"विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर" ही म्हण तुम्हीं पुष्कळदां ऐकली असेल. ज्यानें ती प्रथम योजिली त्यानें विंचू बारकाईनें पाहिला होता यांत शंका नाहीं. विंचवाची मादी अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिलांस जन्म देते, आणि पहिली कात टाकीपर्यंत तीं पांढुरकीं पिलें तिच्या पाठीवर बसून असतात. पिलें आईस खाऊन टाकतात, ही समजूत मात्र खरी नाहीं. आपणही असेंच नीट पाहावयास शिकलों, तर विंचवास घराबाहेर कसें ठेवावें हें त्याच्या राहणीवरूनच आपणांस कळेल.

विंचू हा कीटक नव्हे. त्यास आठ पाय असतात व तो कोळ्याच्या वर्गांत मोडतो. आपल्या कोंकणांत त्याचे दोन प्रकार विशेष ओळखीचे आहेत. एक काळी, थोराड इंगळी. दुसरा बोटाएवढा तांबडा विंचू. इंगळीस पाहून मोठीं माणसेंही किंचाळतात, आणि तांबड्यास "लहानच आहे" म्हणून कोणी मोजीत नाहीं. वस्तुतः भय उलट बाळगावयास हवें. इंगळीचे चिमटे जाड व शेपटी बारीक. तिच्या दंशानें वेदना होतात, परंतु जीव सहसा जात नाहीं. तांबड्याचे चिमटे बारीक व शेपटी भरदार. त्याचें विष हृदयावर आघात करितें आणि लहान मुलांच्या प्राणांवर बेततें.

हें मी पुस्तकावरून सांगत नाहीं. सात वर्षांपूर्वी आमच्या घराचीं कौलें चाळलीं. उरलेलीं कौलें मीं स्वतः मागील भिंतीलगत रचून ठेविलीं. "उद्यां हलवूं" असें म्हणतां म्हणतां तीन महिने लोटले. मे महिन्यांतील एका सायंकाळीं माझी सहा वर्षांची मुलगी चेंडू काढावयास त्या राशींत हात घालती झाली आणि तिला तांबडा विंचू चावला. शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं विष उतरविणाऱ्यास बोलाविण्याचा आग्रह धरिला, आणि वर्गांत शास्त्र शिकविणारा मी अर्धा तास त्या आग्रहापुढें मुकाट बसलों. मुलीस दरदरून घाम सुटला, उलट्या होऊं लागल्या, हातपाय गार पडले, तेव्हां कोठें मी तिला उचलून रुग्णालयांत धांवलों. दोन रात्रींनंतर तिला आराम पडला. देवाची दया म्हणून ती आज हसत-खेळत आहे. परंतु ती रास मीं रचली होती आणि तो अर्धा तास मीं दवडला होता, हें मी विसरलों नाहीं.

त्यानंतर मी विंचवाकडे लक्ष देऊन पाहूं लागलों. तो आपल्या घरीं वैर साधावयास येत नाहीं. त्यास तीन गोष्टी हव्या असतात: दिवसा दडावयास अंधारी फट, रात्रीं खावयास किडे, आणि थोडा ओलावा. या तीन गोष्टी ज्या घरीं नाहींत, तेथें त्याचा मुक्काम पडत नाहीं.

प्रथम निवारा. सरपण, गोवऱ्या, विटा, कौलें भिंतीस टेकवून ठेवूं नयेत. अंगणाच्या टोकास, जमिनीपासून वीतभर उंच मांडणीवर रचावीं. मातीच्या भिंतीच्या भेगा लिंपाव्या, दगडी जोत्याच्या फटी चुन्यानें वा सिमेंटानें बुजवाव्या, दाराखालील फटीस पट्टी लावावी आणि मोरीच्या तोंडास बारीक जाळी बसवावी. चपट्या देहाच्या या प्राण्यास अगदीं अरुंद फटही पुरते.

मग अन्न. झुरळें, रातकिडे व कोळी हें त्याचें खाद्य. रात्रीं खरकटें उघडें ठेविलें कीं झुरळें येतात, आणि त्यांच्यामागें विंचू. दाराबाहेरील दिवा रात्रभर जळत ठेवूं नये. विंचवास उजेडाची आवड नसते, परंतु दिव्यापाशीं जमणारे किडे त्यास हवे असतात. ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत त्यांस आयतेच पहारेकरी लाभले. त्या परसांतला पालापाचोळा उकरून किडेही टिपतात आणि विंचूही.

ओलाव्याविषयीं फार सांगावयास नको. गळका नळ दुरुस्त करावा आणि रांजणाखालील जागा कोरडी ठेवावी.

कडुनिंबाचा पाला, लसूण वा धूप यांच्या वासानें विंचू पळतात असें पुष्कळजण सांगतात. हीं वस्तूं घरांत ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु त्यांचा भरंवसा धरूं नये. वासावर विसंबणारा मनुष्य फट बुजवीत नाहीं, आणि विंचू त्याच फटींतून येतो.

झोंपतांना खाट भिंतीपासून दूर ओढावी, पांघरूण जमिनीस टेकूं देऊं नये, मच्छरदाणी गादीखालीं खोंचावी. विंचवास गुळगुळीत कांचेवर चढतां येत नाहीं, म्हणून खाटेचे पाय कांचेच्या रुंद बरण्यांत ठेविल्यास उत्तम. सकाळीं पायताण व कपडे झटकल्याशिवाय अंगावर चढवूं नयेत. अतिनील किरणांच्या विजेरीखालीं विंचवाचें शरीर हिरवट तेजानें चमकतें. वडील माणसांनीं रात्रीं तशी विजेरी घेऊन परसांत एक फेरी मारली, तर कोणती जागा साफ करावयाची तें आपोआप कळतें.

इतकें करूनही दंश झालाच तर जखम कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये. ती जागा धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि रोग्यास, विशेषतः मुलास, तत्काळ रुग्णालयांत न्यावें. मंत्रानें विंचू उतरतो असें वाटण्याचें कारण सोपें आहे: बहुतेक दंशांच्या वेदना कालांतरानें आपोआपच शमतात, आणि श्रेय मंत्रास मिळतें. जेथें विष भिनलें आहे तेथें मात्र तो गेलेला वेळ परत मिळत नाहीं. रायगड जिल्ह्यांतील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत असे रोगी रात्रंदिवस पाहून, १९८० नंतरच्या दशकांत प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग दाखवून दिला. तोंवर गंभीर रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. पुढें हें प्रमाण फारच खालीं आलें. १९८२ सालीं त्यांचें निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापलें गेलें, आणि २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. एका खेडेगांवच्या डॉक्टरानें नीट पाहिलें, म्हणून हें घडलें.

मित्रहो, उन्हाळ्याच्या सुटींत तुम्हीं एक काम करावें. वडिलांस बरोबर घेऊन घराभोंवती एक प्रदक्षिणा घाला आणि कोणती रास भिंतीस टेकली आहे, कोणती फट उघडी आहे, हें वहींत टिपा. पालकांसही माझी नम्र विनंती आहे कीं, मुलानें दाखविलेली रास त्याच दिवशीं हलवावी. "उद्यां" हा शब्द मला फार महाग पडला असता.