कॅमेरा पुन्हा हाती घेताना

वर्षअखेरीची कामे आणि घरच्या जबाबदाऱ्या यांत निसर्ग छायाचित्रणाचा छंद मागे पडतो व कॅमेरा कित्येक महिने कपाटात राहतो. तो पुन्हा बाहेर काढल्यावर प्रथम भिंग उजेडाकडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. दमट हवेत ती वाढते आणि भिंगावरील लेप कायमचा खराब करू शकते. असे भिंग स्वतः न उघडता जाणकाराकडे द्यावे. यापुढे कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा.

उपकरणाप्रमाणे हाताचीही सवय मोडलेली असते. म्हणून लगेच उजनी जलाशयाकाठचे भिगवण किंवा राजस्थानातील भरतपूर गाठण्याऐवजी अंगणातील जास्वंदीवर येणाऱ्या शिंजीर पक्ष्यापासून सुरुवात करावी. सकाळचे कोवळे ऊन त्यासाठी उत्तम. भिंग ३०० मिलिमीटरचे असल्यास हाताच्या कंपाने चित्र अस्पष्ट होऊ नये म्हणून शटरचा वेग किमान १/३२० सेकंद ठेवावा. उडत्या पक्ष्यासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद.

हाच शिंजीर घराजवळच्या झुडपांवर लोंबते घरटे बांधतो. खंडानंतर अधीर झालेल्या मनाला त्याच्या जवळ जाण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. माणसाच्या वावराने बिथरलेले पक्षी अंडी सोडून जाऊ शकतात. आपला छंद थांबला तरी पुन्हा सुरू करता येतो. सोडून दिलेल्या घरट्याचे तसे नसते.