धरण आणि धरणीकंप

जुनी माणसे सांगतात की शेषनागाने फणा हलवला की भूकंप होतो. पण खरे कारण शास्त्रज्ञांनी शोधले आहे.

जमिनीखाली खोल खडक असतात. त्यांना मोठमोठ्या भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना रेटतात, पण घट्ट अडकून बसतात. ताण वाढतच जातो. मग एक दिवस खडक एकदम सरकतात आणि जमीन हादरते. यालाच भूकंप म्हणतात.

सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे. १९६२ च्या सुमारास तेथे पाणी साठू लागले. मग लहान लहान हादरे बसू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. रिश्टर मापाने तो ६.३ होता. लोक गाढ झोपेत होते. कोयनानगरची घरे पडली. सुमारे दोनशे माणसे दगावली. धरणालाही चिरा गेल्या, त्या नंतर दुरुस्त केल्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता यांनी याचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. पाणी किती भरभर चढते, किती उंच जाते आणि किती दिवस तसेच राहते, यावर हादरे अवलंबून असतात, असे त्यांना दिसले.

पाण्याने खडक कसा सरकतो? वह्यांच्या गठ्ठ्यातली मधली वही ओढून पाहा. ती निघत नाही. वरच्या वह्या कोणी जरा उचलल्या की लगेच निघते. तसेच भेगेत मुरलेले पाणी दोन्ही बाजूंना दाबते, खडकांची पकड सैल होते. म्हणजे ताण आधीपासूनच होता, पाणी फक्त निमित्त झाले. म्हणून सगळ्याच धरणांजवळ भूकंप होत नाहीत.

पुढे शास्त्रज्ञांनी कोयना भागात ३ किलोमीटर खोल भोक पाडून खालचे खडक तपासले. तरी भूकंप कोणत्या दिवशी होईल हे आजही आधी सांगता येत नाही.

मग धरणे नकोत का? तसे नाही. कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते. पण अशा भागात घरे मजबूत पाहिजेत, कारण माणसे बहुतेक घर अंगावर पडून मरतात. पालकांनो, घर बांधताना हे ध्यानात ठेवा. मुलांनो, वर्गात हादरा बसला तर बाकाखाली शिरा, डोके झाका, आणि थांबल्यावर रांगेने मैदानात या. ढकलाढकली करू नका.

– इयत्ता ४ थी