गुदमरलेल्या नवजात बाळाचा रक्तदाब

जन्मताना प्राणवायू कमी पडलेले बाळ रडू लागले म्हणून धोका टळत नाही. गुदमरण्याचा मार हृदयाच्या स्नायूलाही बसतो. त्याचा जोर कमी होतो, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि रक्तदाब उतरतो. एरवी दाब थोडा खालीवर झाला तरी मेंदू आपला रक्तपुरवठा सांभाळून घेतो. अशा बाळांत नेमकी तीच ताकद खचलेली असते. त्यामुळे दाब पडला की मेंदूला रक्त कमी पोचते, आणि औषधाने तो झपाट्याने चढवला तरी मेंदूला इजा होऊ शकते.

पहिल्या दिवशी, बाळ जितके आठवडे गर्भात होते, साधारण तितके मिलिमीटर सरासरी दाब असावा, असा ढोबळ आडाखा आहे. मात्र नुसत्या आकड्यावर औषध सुरू करणे बरोबर नाही. छातीच्या मध्यावर बोटाने पाच सेकंद दाबून सोडले की फिकी पडलेली त्वचा तीन सेकंदांत मूळ रंगावर यायला हवी. तिला वेळ लागत असेल, लघवी ताशी दर किलोमागे 1 मिलिलिटरहून कमी होत असेल, रक्तातले लॅक्टेट चढत असेल, तर रक्ताभिसरण खरोखरच अपुरे आहे.

उपाय कारणावर ठरतो. वार आधीच सुटून बाळाचे रक्त गेले असेल तर दर किलोमागे 10 मिलिलिटर सलाईन देतात, गरज पडल्यास रक्तही. हृदयच थकलेले असेल तर हेच सलाईन त्याच्यावर ओझे होते; तिथे डोब्युटामिन किंवा ॲड्रिनलिन बेताने, पंपावरून द्यावे लागते. हृदयाची सोनोग्राफी हा फरक दाखवते. डोपामिनने दाब वाढतो, पण गुदमरलेल्या बाळांचे मृत्यू किंवा अपंगत्व त्याने घटते, असे सिद्ध झालेले नाही.

मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून बाळाला 72 तास 33.5 अंशांवर थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रूढ आहे. भारत, श्रीलंका व बांगलादेशातल्या 408 बाळांवरील ‘हेलिक्स’ चाचणीत मुंबईचे शीव रुग्णालयही होते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत थंड केलेल्या बाळांत मृत्यू अधिक आढळले. आपल्याकडे हा उपचार सरसकट करू नये.

पालघर तालुक्यातल्या शिरगाव, सातपाटी, बोईसरच्या कुटुंबांसाठी अंतर हाही उपचाराचाच भाग आहे. पालघरहून मुंबई रेल्वेने सुमारे 90 किलोमीटर आहे. पंप आणि मॉनिटरशिवाय रक्तदाबाची औषधे वाटेत देणे धोक्याचे, म्हणून निघण्यापूर्वीच श्वास, रक्तातली साखर आणि तापमान सावरलेले हवे. अंगाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश राखावे. शेक-शेगडी अशा बाळाला देऊ नये, कारण अतिउष्णतेने मेंदूची इजा वाढते.

पोटातल्या बाळाची हालचाल मंदावली, हिरवट पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर वाट न पाहता 108 ला फोन करावा. जिथे पहिल्याच मिनिटात पिशवी-मास्कने बाळाला श्वास देणारे प्रशिक्षित हात आहेत, अशाच ठिकाणी बाळंतपण ठरवावे.